दुभाषी व्हायचंय : जर्मन सी-१ झालं, आता पुढे काय?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, तेव्हा सांभाळून घ्या.

घरात मराठी, शिक्षण सगळं इंग्रजीतून आणि गेल्या महिन्यात जर्मनची सी-१ (वरून दुसऱ्या पातळीची) परीक्षा पास झाले. सध्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची जर्मनमधून इंग्रजीत भाषांतरं करते. काम वाईट नाही, पण दिवसभर माणसाचं तोंड दिसत नाही. मध्ये एका परिषदेत हेडफोन लावून बसले होते. मागच्या काचेच्या खोलीतून एक बाई कानात बोलत होत्या. वक्त्याने विनोद केला की जर्मन कळणारे आधी हसायचे आणि आम्ही हेडफोनवाले दोन सेकंदांनी. पण हसायचो! तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे काम करायचं.

यासाठी वेगळी पदवी लागते का? किती वर्षं लागतात? संयुक्त राष्ट्रांत कसं जातात? आणि घरच्यांचा प्रश्न, जो मलाही रात्री पडतो : एआय आल्यावर हे काम राहणार आहे का?

घाईत_आहे

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं.

बूथवासी

अर्धविराम, अभिनंदन. वीसेक वर्षं याच काचेच्या खोलीत काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. दुभाष्याच्या कामात भाषा येणं गृहीतच धरलेलं असतं. पोहायला शिकायला आलेल्या माणसाला पाण्याची भीती नसावी, तितपतच त्याचं महत्त्व. तुम्ही आज जे करता त्यात वाक्य पुन्हा वाचता येतं, कोश उघडता येतो, संध्याकाळी सुचलेला शब्द सकाळच्या वाक्यात घालता येतो. इथे वाक्य कानावर पडलं की संपलं.

म्हणून पदवीची चौकशी करण्याआधी आज रात्री एक प्रयोग करा. कुणाचं तरी पाच मिनिटांचं मराठी भाषण ऐका. काहीही लिहून घेऊ नका. मग ते मराठीतच पुन्हा सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. हो, मराठीतून मराठीत, भाषांतर नाही. वक्त्याने मुद्दा कुठून सुरू केला, कुठे वळवला, 'पण' कुठे म्हणाला, शेवटी नेमकं काय मागितलं, हे तुमच्या सांगण्यात येतं का ते बघा. कॉन्फरन्स इंटरप्रिटिंगच्या चांगल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत साधारण हेच तपासतात, फक्त दुसऱ्या भाषेत सांगायला लावून. शब्दसंग्रह उत्तम असलेले लोक इथे अडखळतात, कारण ते शब्द गोळा करत बसतात आणि माणूस काय म्हणतोय ते निसटतं.

उरलेलं उद्या लिहितो.

उंटावरचा_शहाणा

वाईट वाटून घेऊ नका, पण २० वर्षांपूर्वी कुणी टायपिस्ट व्हायला निघालं असतं तर तुम्ही असाच सल्ला दिला असता का? कानात बसवायची यंत्रं आलीत आता.

तळटीप

शहाणे, थांबा जरा, तुमच्याकडे येतेच. आधी एक किस्सा.

मी कोर्टात दुभाषी आहे. साक्षीदार मराठी, न्यायाधीशांना मराठी येत नाही. साक्षीदार म्हणाला, "मी त्याला मारलं."

आता सांगा, मारलं म्हणजे काय? हात उगारला की जीव घेतला? आपण घरात बोलताना संदर्भाने कळतं. तिथे संदर्भच तर शोधायला सगळे बसले होते. मी न्यायाधीशांना म्हटलं, "दुभाष्याची विनंती : साक्षीदाराच्या शब्दाचे दोन अर्थ होतात, खुलासा विचारण्याची परवानगी असावी." परवानगी मिळाली, विचारलं. माणसाने दोन थोबाडीत दिल्या होत्या. मी मनाने एक अर्थ उचलून पुढे गेले असते तरी कुणाला पत्ताही लागला नसता.

यंत्र चुकेल असं म्हणत नाही मी. माझ्याकडूनही चुका होतात. आपल्याला नक्की कळलेलं नाही हे ओळखून भर कोर्टात हात वर करणं, हे माझं काम आहे.

उंटावरचा_शहाणा

बरं. हा मुद्दा पटला. अर्धा.

बूथवासी

अर्धा पटला हेही खूप झालं.

आता अर्धविराम यांच्या प्रश्नांकडे. या कामाचे प्रकार आधी समजून घ्या, कारण 'दुभाषी' या एका शब्दाखाली चार वेगवेगळे धंदे येतात. माणूस बोलायचा थांबला की तुम्ही सुरू करायचं ते कन्सेक्युटिव्ह. तो बोलत असतानाच बोलायचं ते सायमल्टेनियस, बहुधा बूथमध्ये, म्हणजे त्या काचेच्या खोलीत. बूथ नसेल आणि ऐकणारा एखाद-दुसराच असेल तर मागे बसून कानात कुजबुजायचं. आणि ऐन वेळी हातात कागद देऊन "एवढं वाचून सांगा" म्हणतात ते साइट ट्रान्सलेशन. रुग्णालय आणि कोर्टात यांची सरमिसळ चालते.

सायमल्टेनियस फार जुनं नाही. १९२० च्या दशकात प्रयोग झाले होते, पण त्याचं नाव झालं ते २० नोव्हेंबर १९४५ ला सुरू झालेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषा. वक्ता फार जोरात सुटला तर दुभाषी पिवळा दिवा लावायचे : सावकाश. लाल दिवा म्हणजे थांबा. आम्हाला आज तो लाल दिवा नाही याचं मला दर आठवड्याला एकदा तरी वाईट वाटतं.

आता भाषांची प्रतवारी. एआयआयसी ही कॉन्फरन्स दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९५३ पासूनची. तिने रूढ केलेली पद्धत सगळीकडे चालते. ए म्हणजे मातृभाषा किंवा त्या तोडीची. बी म्हणजे मातृभाषा नाही, पण जिच्यात तुम्ही बेधडक काम करू शकता. सी म्हणजे जी पूर्ण कळते, पण जिच्यात तुम्ही बोलायचं नाही, फक्त तिच्यातून बाहेर यायचं. गंमत बघा, तुमच्या परीक्षेत सी सर्वांत वर आणि आमच्याकडे सी सर्वांत खाली. तुमचं सी-१ जर्मन आमच्या हिशोबात कच्चं सी आहे. रागावू नका.

तर माझा प्रश्न : तुमची ए भाषा कोणती?

अर्धविराम

रागावले नाही. थोडी हबकले.

ए भाषा… मराठी म्हणावं तर मी विचार इंग्रजीत करते, निदान कामाचा तरी. इंग्रजी म्हणावं तर भांडण मराठीत करते. खरंच माहीत नाही.

प्रयोग केला, तो मात्र सांगवत नाही. भाषण धरणांवर होतं. पाच मिनिटांचं मी दोन मिनिटांत संपवलं. त्या दोन मिनिटांत 'म्हणजे' २३ वेळा म्हटलं, मोजलं मी. आणि 'विसर्ग' हा शब्द वक्त्याने चार वेळा वापरला होता, तो माझ्या तोंडून 'पाणी रिलीज करतात' असा आला.

ऐकीव_माहिती

ताई, हे फार जणांचं होतं, आणि बरं झालं पहिल्याच दिवशी दिसलं. दोन भाषा येणाऱ्या माणसाला वाटतं परकी भाषा कच्ची असेल, आणि नेमकी घरची लंगडी निघते. माझंही तसंच झालं होतं.

मी आठ वर्षं रुग्णालयांसाठी काम करते, बरंचसं फोनवरून. माझी इंग्रजी वैद्यकीय शब्दावली पहिल्या सहा महिन्यांत झाली. मराठी अजून चालू आहे. डॉक्टर विचारतात दुखणं कशा प्रकारचं आहे, आणि आपल्याकडे त्याला किती शब्द आहेत बघा. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, मुरडा येतो, आग होते, मुंग्या येतात, अंग बधिर पडतं, सांधा धरतो, अंगात कणकण असते. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं आणि प्रत्येकावरून डॉक्टरांची शंका वेगळ्या दिशेला जाते. "दुखतंय" एवढंच सांगून आपण मोकळे झालो तर त्या बाईंनी दिलेली निम्मी माहिती आपण वाटेतच सांडली.

माझी चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एक आजी म्हणाल्या, "सकाळपासून कसंतरीच होतंय." मी बेधडक 'मळमळतंय' असं पोचवलं, कारण आमच्या घरी कसंतरी होणं म्हणजे मळमळणं. डॉक्टर दहा मिनिटं पोटाबद्दल विचारत राहिले. आजींना घेरी येत होती. नशीब, पुढे त्याच म्हणाल्या की उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हापासून 'कसंतरी' ऐकलं की मी थांबते आणि विचारते.

१९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांचा एक मुलगा बेशुद्धावस्थेत आणला होता. घरचे स्पॅनिश बोलणारे. ते 'इंतोक्सिकादो' म्हणाले, म्हणजे खाण्यातून काहीतरी बाधलंय. ऐकणाऱ्यांनी ते इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड' धरलं आणि नशेच्या औषधांचा अतिरेक समजून उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. मुलाचे हातपाय कायमचे गेले. तिथे प्रशिक्षित दुभाषी नव्हताच. दोन्ही भाषा थोड्या-थोड्या येणारे लोक होते, म्हणून मधला घोटाळा कुणाच्या लक्षात आला नाही.

घाईत_आहे

बाप रे.

पण मग घरातलंच कुणी सोबत असेल तर? मी लहानपणापासून आजोबांसाठी डॉक्टरांकडे हेच करत आलोय.

ऐकीव_माहिती

सगळेच करतात, आणि सर्दी-खोकल्याला चालून जातं. पण घरचा माणूस गाळतो. आई दोन मिनिटं बोलते आणि मुलगा म्हणतो, "ठीक आहे म्हणतेय." डॉक्टर गाठ कसली आहे ते सांगतात आणि मुलगा आईला म्हणतो, "काही नाही गं, औषधं देणार आहेत." मायेपोटीच, पण आपल्याला काय झालंय हे त्या बाईंना कळायला नको का? आणि लहान मुलाला मध्ये बसवणं तर क्रूरपणा आहे. आईच्या गर्भाशयाबद्दल बारा वर्षांच्या मुलाने काय आणि कसं विचारायचं?

आम्ही पहिल्या पुरुषात बोलतो हे इथेच सांगून ठेवते. रुग्ण म्हणाला "मला भीती वाटते" तर मी 'त्यांना भीती वाटते' असं म्हणत नाही, 'मला भीती वाटते' म्हणते. स्वतःचं काही बोलायचं झालं तरच 'दुभाष्याची विनंती' म्हणायचं. पहिले काही दिवस फार विचित्र वाटतं. एका दिवसात मी तीन वेळा गरोदर असते आणि एकदा प्रोस्टेटची तक्रार करते.

बोलके_हात

शेवटच्या वाक्याला जोरात हसले.

खुणांच्या भाषेचे दुभाषीही दुभाषीच असतात, हे इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझे आईवडील बहिरे आहेत, त्यामुळे हे काम मी बोलायला लागण्याआधीपासून करते असं म्हटलं तरी चालेल. तरी रीतसर शिकावंच लागलं. घरची खूण आणि सभेतली खूण यांत घरच्या मराठीत आणि भाषणातल्या मराठीत असतो तेवढा फरक असतो. लोकांना वाटतं जगभर एकच खुणांची भाषा आहे. तसं नाही. अमेरिकेची खुणांची भाषा ब्रिटनच्या नाही, फ्रान्सच्या भाषेच्या जवळची आहे. आणि आम्ही काचेमागे लपू शकत नाही. अंगावर एकरंगी कपडे, तेही हातांचा रंग उठून दिसेल असे, आणि चुकलो तर सगळ्या सभागृहासमोर.

बूथवासी

काचेमागे लपतो हे मान्य. पण काचेमागेही हाल असतात. बांगड्या चालत नाहीत, माइक त्यांची किणकिण आधी पकडतो. कागद उलटायचा नाही, सरकवायचा. उग्र अत्तर लावून आलेला जोडीदार कधीच विसरला जात नाही. खोकला आला तर दाबायला बटण असतं, ते दाबून धरेपर्यंत ऐकणाऱ्यांना काही ऐकू जात नाही.

जोडीदार म्हणालो, कारण बूथमध्ये एकटं बसत नाहीत. २०-३० मिनिटांनी माइक बदलतो. त्यापुढे दर्जा घसरतो, आणि वाईट भाग असा की घसरतोय हे बोलणाऱ्याला स्वतःला कळत नाही. माइक बंद असलेल्यानेही झोपा काढायच्या नसतात. आकडे, नावं, संस्थांची लघुरूपं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून जोडीदाराच्या डोळ्यांपुढे सरकवायची. चांगला जोडीदार कोणता हे त्याच्या आकड्यांवरून कळतं.

आकड्यांचंच घ्या, अर्धविराम, कारण जर्मन-मराठी जोडीत ते छळणार आहेत. ५९ ला जर्मन माणूस म्हणतो 'नॉयन-उंट-फ्युन्फत्सिश', नऊ आणि पन्नास. मराठीत म्हणायचं एकोणसाठ, साठाला एक उणे. म्हणजे कानात पन्नास वाजत असताना तोंडाने साठ म्हणायचं. ६९ आणि ७९ ची तीच तऱ्हा. त्यात जर्मन 'मिलियार्डे' म्हणजे १०० कोटी. ३.७ मिलियार्डे ऐकू आलं की ३७० कोटी, आणि हे पुढचं वाक्य ऐकता-ऐकता. जर्मन 'बिलियोन' तर इंग्रजी बिलियन नव्हेच, तो लाख कोटी. इथे चुकलात तर हजार पटीने चुकलात.

उलट वाक्यरचनेत तुमची चांदी आहे. जर्मनमध्ये क्रियापदाचा अर्धा तुकडा किंवा सगळंच क्रियापद शेवटी पडतं, आणि जर्मनमधून इंग्रजीत जाणारे त्या तुकड्याची वाट बघत घामाघूम होतात. प्रस्ताव स्वीकारला की फेटाळला हे शेवटच्या 'आनगेनोमन' (स्वीकारला) किंवा 'आबगेलेन्ट' (फेटाळला) वर कळणार, आणि इंग्रजीला क्रियापद आधी हवं. मराठीचं क्रियापद मुळात शेवटीच. तुम्ही आरामात मागून चालू शकता.

उंटावरचा_शहाणा

हे वाचून मला माझी नोकरी आवडायला लागली.

एक विचारू? जर्मन-मराठी असा बूथ कधी लागतो तरी का?

बूथवासी

खरं सांगायचं तर जवळजवळ नाही. हे सांगायचंच होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. त्यांत ना मराठी ना जर्मन. तिथल्या इंग्रजी बूथला इंग्रजी ए हवी आणि उरलेल्यांपैकी दोन पूर्ण कळायला हव्यात. म्हणजे तिथे जायचं तर फ्रेंच किंवा स्पॅनिश किंवा रशियनपासून पुन्हा श्रीगणेशा. युरोपीय संघात जर्मन आहे. तिथे अधिकृत भाषा २४, म्हणजे एकीतून दुसरीत जायच्या ५५२ वाटा. प्रत्येक वाटेला माणूस मिळत नाही, म्हणून रिले करतात : एस्टोनियन आधी इंग्रजीत, मग त्या इंग्रजीवरून माल्टीज. मधला चुकला की त्याच्यावर विसंबलेले सगळे चुकले. तिथेही प्रशिक्षण आणि मान्यता-चाचणी आहेच.

तुमच्यासाठी मला दिसते ती वाट अशी. जर्मन-इंग्रजी ही जोडी कंपन्यांच्या बैठका, कारखान्यांच्या भेटी, प्रशिक्षणं यांत चालते. तुमच्या माहितीपुस्तिकांचा इथे सोन्यासारखा उपयोग होईल, कारण यंत्राचा भाग दोन्ही भाषांत माहीत असलेला दुभाषी मिळत नाही. मराठी-इंग्रजी जोडी चालते ती रुग्णालय, कोर्ट, स्थलांतराच्या कचेऱ्या यांत, जिथे जिथे मराठी माणूस परक्या भाषेपुढे उभा असतो तिथे. दोन्हीकडे दरवाजा वेगळा.

पदवीचं म्हणाल तर कॉन्फरन्ससाठी एक-दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हाच सरळ रस्ता. जिनिव्हाची संस्था १९४१ ची, पॅरिसची एसिट १९५७ ची, आणखीही आहेत. पदवी कुठल्याही विषयाची चालते. माझी रसायनशास्त्राची आहे आणि भाषावाल्या जोडीदारांपेक्षा मला तिचा फायदाच जास्त झाला.

घाईत_आहे

ऑस्ट्रेलियाच्या नाटीची (भाषांतरकार-दुभाष्यांना दाखले देणारी तिथली संस्था) सीसीएल परीक्षा मराठीत देता येते ना? ती पास झालो की दुभाषी झालो का?

तळटीप

नाही हो, आणि हा गैरसमज फार पसरलाय. सीसीएल ही तिथे कायम राहण्यासाठीच्या गुणांमध्ये ५ गुणांची भर घालणारी परीक्षा आहे. दोन संवाद असतात, ३५ शब्दांपर्यंतचे तुकडे ऐकून दुसऱ्या भाषेत सांगायचे. तिने दुभाष्याचा दाखला मिळत नाही, त्याच्या नाटीच्या परीक्षा वेगळ्या आहेत. सराव म्हणून मात्र उत्तम.

आणि कुठल्याही देशात कोर्टाचं काम करायचं तर आधी तिथले नियम बघा. कुठे परीक्षा, कुठे नोंदणी, कुठे नुसती शपथ. गुप्तता मात्र सगळीकडे. माझ्या नवऱ्यालाही माझ्या दिवसाबद्दल 'आज उशीर झाला' एवढंच माहीत असतं.

अवांतर : 'दुभाषी' की 'दुभाष्या'? मला कोर्टाच्या कागदावर एकदा 'दुभाषीण' लिहिलं होतं.

बोलके_हात

दुभाषीण! म्हणजे सुगरणीची चुलत बहीण.

उंटावरचा_शहाणा

अवांतराला माझीही भर : उस्मानी दरबारातल्या दुभाष्यांना युरोपातले लोक 'ड्रॅगोमन' म्हणायचे. तो शब्द अरबी 'तर्जुमान' वरून गेला. आपला 'तर्जुमा' त्याच घरातला.

बूथवासी

शहाण्यांनी धाग्यात काहीतरी उपयोगी लिहिल्याची नोंद घेतली आहे.

कन्सेक्युटिव्हच्या नोंदींबद्दल विचारणारे दोन व्यनि (खाजगी निरोप) आलेत, इथेच उत्तर देतो. वरून उलटणारी स्पायरल वही, मध्ये उभी रेघ. नोंद आडवी लिहीत जायची नाही, जिन्यासारखी तिरकी उतरवायची : कोण, खाली करतो, त्याखाली काय. डाव्या कडेला फक्त जोडशब्द, पण, म्हणून, तरीही. त्यांच्यावाचून सगळे मुद्दे आठवतात आणि भाषण मात्र कोसळतं. नकाराला ठळक फुली. आकडे आणि नावं लगेच, बाकीचं थांबवून. एक मुद्दा संपला की आडवी रेघ. आणि शब्द लिहायचे नाहीत, कल्पना लिहायची. माझ्या वहीत 'अर्थव्यवस्था मंदावली' साठी खाली वळलेला बाण असतो, बस्स. लघुलिपी येणाऱ्यांना वाटतं आपलं काम सोपं होईल. उलट होतं, ते सगळं उतरवून घेतात आणि मग शब्दांच्या ढिगाऱ्याखाली सापडतात.

माझीही एक चूक लिहितो, नाहीतर उपदेशच फार होतोय. धंद्यातली पहिली दोन वर्षं. वाटाघाटी चालल्या होत्या, एका बाजूला मराठी उद्योजक, दुसऱ्या बाजूला परदेशी पाहुणे. पाहुणे म्हणाले की साचे बदलायचा खर्च 'वी' करू. इंग्रजी 'वी'. मी म्हटलं, "खर्च आपण करू."

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. इंग्रजी आणि जर्मन बिचाऱ्यांकडे एकच शब्द. पाहुण्यांना म्हणायचं होतं आम्ही करू. मी 'आपण' म्हटल्यावर समोरच्यांनी निम्मा-निम्मा धरला आणि चेहरे पडले. त्यातल्या एकाला तर 'आपण' हे आदरार्थी वाटलं, म्हणजे सगळा खर्च त्यांनीच करायचा! पाच मिनिटं खोलीत तापमान वाढत गेलं आणि दोन्ही बाजूंना कळेना की का. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही भाषांत सांगितलं, "चूक दुभाष्याची आहे." करार झाला. पण त्या कंपनीने मला परत बोलावलं नाही.

१९७७ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर वॉर्सात उतरले आणि म्हणाले, मी आज सकाळी अमेरिकेतून निघालो. दुभाष्याच्या पोलिशमधून ऐकणाऱ्यांना कळलं की हे अमेरिका कायमची सोडून आलेत. पोलिश लोकांच्या इच्छा जाणून घ्यायच्या आहेत असंही ते म्हणाले, त्या इच्छांची वासना झाली. हे आठवलं की माझं 'आपण' मला जरा हलकं वाटतं.

तळटीप

'आपण'चा किस्सा माझ्या शिकाऊ मुलांना सांगणार. नाव अर्थातच नाही.

ऐकीव_माहिती

आणि 'परवा'. परवा येऊन गेली की परवा येणार, शेवटचं क्रियापद येईपर्यंत काही कळत नाही. लाइन खराब असली की क्रियापदच गायब.

उंटावरचा_शहाणा

एआयबद्दल कुणी नीट बोलणार आहे का? बोट दाखवायला नाही विचारत, पुतणी भाषा शिकतेय म्हणून विचारतोय.

बूथवासी

आता नीट विचारलंत. एक वक्ता, स्वच्छ आवाज, मोठी भाषा, नेहमीचा विषय : यंत्र चालतं, आणि नुसत्या माहितीच्या सभांत लोक त्यावर भागवायला लागलेत. मला काळजी वाटते ती नव्यांची. आम्ही ज्या लहान, बिनजोखमीच्या सभांत हात साफ केले त्याच आधी जाणार. तीन माणसं एकदम बोलतात, वक्ता अर्ध्यात वाक्य सोडतो, टोमणा मारतो, बोली बोलतो, चुकीची जबाबदारी कुणाची हे ठरवावं लागतं, तिथे माणूस अजून लागतो. किती वर्षं, ते माझ्याने सांगवत नाही. पुतणीला म्हणावं भाषेसोबत एक विषय पक्का धर, कायदा, औषधं, वीज, काहीही.

अर्धविराम

धागा वर काढतेय. दोन महिने झाले. रोज एक भाषण, मराठीतून मराठीत, मग जर्मनमधून मराठीत, मग इंग्रजीत. 'म्हणजे' पाच मिनिटांत चारवर आलंय. ए भाषा मराठी धरायची असं ठरवलंय आणि म्हणून रोज मोठ्याने मराठी अग्रलेख वाचते. शेजारच्यांना वाटतं मी निवडणुकीला उभी राहतेय. आकड्यांसाठी भावाकडून उलटसुलट आकडे वाचून घेते. ६९ ला अजून ५९ म्हणते. बाबांना श्रोता केलंय. ते डोळे मिटून ऐकतात आणि कळलं नाही की फक्त एक डोळा उघडतात.

रुग्णालयात मोफत काम करून शिकावं असं मनात होतं.

ऐकीव_माहिती

नको. तिथे सराव करायचा नसतो, प्रशिक्षण घेऊनच जायचं. वैद्यकीय दुभाष्यांचे ४० तासांचे पायाभूत वर्ग असतात, तेवढे तरी आधी करा. फुकट काम करायचंच तर प्रदर्शनं, शैक्षणिक सहली, जिथे चुकलं तर हसून सुटता येईल.

बूथवासी

डमी बूथ मागा. परिषदेत रिकामा बूथ असतो, आयोजकांना आणि तिथल्या दुभाष्यांना विचारलं तर बरेचदा बसू देतात. माइक बंद, खरा वक्ता, खरा वेग. बाहेर कुणी ऐकत नाही.

अर्धविराम

मिळाला! काल बसले. विषय पंप आणि झडपा, म्हणजे माझंच माहेर. पहिली दहा मिनिटं वक्त्याच्या मागे नुसती धावत होते. मग एकदा तो शेवटचं क्रियापद म्हणेपर्यंत थांबले, आणि वाक्य मराठीत आपसूक मिटलं. शेजारच्या बूथमधल्या बाई काचेतून बघत होत्या, त्यांनी अंगठा दाखवला. तेवढ्यात ५९ आला. बरोबर म्हटलं.

बाराव्या मिनिटाला खोकला आला. माइक बंदच होता, तरी मी बटण दाबून धरलं.

घाईत_आहे

हाहाहा. आणि सोडलंत का वेळेवर?

अर्धविराम

नाही. पुढचे दोन परिच्छेद बटण दाबूनच बोलले.